मामांची बोटं

वारंगा फाट्यावरचे वॉशिंगवाले मामा नवीकोरी गाडी डोळे मिटून बघायचे. उजवा हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बॉनेटवरून अलगद फिरवायचा. नुसत्या बोटांना न लागणारा कण पिशवीतून बरोबर टोचतो, असं ते सांगत. भोवती ट्रकचे हॉर्न, नांदेडच्या एसटीला हात करणारी माणसं, चहावाल्याचा आरडाओरडा. आणि मामा आपले समाधी लागल्यासारखे उभे. फाट्यावर लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. मी कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका. "बाईमाणसाला कशाला हवी गाडी?" म्हणणाऱ्या झाडून सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी पांढरी गाडी घेतली. औंढ्याला नागनाथापुढे नेऊन पूजा केली. आईने बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. आता कुंकू पुसायचं कसं? "पुसू नको गं, आपोआप जाऊ दे," आई म्हणाली. ऐन वैशाखात ते आठ दिवस तापलं आणि रंगात मुरलं. नवव्या दिवशी मी भांड्यांची हिरवी घासणी घेतली. पुढचं काय सांगू! ओरखड्यांनी भरलेलं बॉनेट घेऊन फाट्यावर गेले.

"काहून घासलं बाई तुमी?" मामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. मग त्यांनी पिशवी माझ्या हातात चढवली आणि दारावरून, टपावरून फिरवायला लावली. जिथे मी कधी हातही लावला नव्हता तिथेसुद्धा वाळू पसरल्यासारखं लागत होतं. "वरखडे तुमचे. पन ही खरखर तुमची न्हाई. नवी गाडी म्हंजी साफ गाडी न्हाई, बाई. कंपनीतून टेलरवर, त्या लांबड्या ट्रकवर बसून येती ती. ब्रेकाचा लोखंडी चुरा, डांबर, धूळ, समदं अंगावर घेऊन येती."

रंगावरचा हा कचरा काढायचा मातीसारखा मऊ गोळा मिळतो. मामा त्याला कणीक म्हणत आणि तसाच मळत. साबणाचं पाणी शिंपडायचं, कणीक फिरवायची, काळी झाली की घडी घालून पुन्हा मळायची. एकदा ती खाली पडली, तर सगळीच्या सगळी फेकून दिली. "खडा गेला तिच्या पोटात. आता रंगाला वरबाडंल." मी हौसेने करायला घेतलं तर ओरडलेच, "दाबू नका वो! रुसल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवा." तासाभराने बॉनेटवरून बोट असं सटकलं की मी लहान पोरीसारखी हसत सुटले.

पॉलिशची घाई करणारे लोक मामांना मुळीच खपायचे नाहीत. पुसेगावचा एक गृहस्थ हार घातलेली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "पॉलिश मारा फक्त. नव्या गाडीत कसला आलाय कचरा?" मामांनी निमूटपणे त्याच्या हातात पिशवी चढवली. तो दोन वेळा हात फिरवून खाली बसला आणि "आयला, रवाच हाय की!" म्हणाला. मग दुपारपर्यंत बिचारा पाणी शिंपडत मामांच्या मागे मागे फिरला.

दर वर्षी हळदीचा हंगाम संपला, हळद घासून चमकवणाऱ्या ड्रमांचा पिवळा धुरळा बसला की मी गाडी मामांकडे न्यायची. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक परभणीला, ती "चला आता माझ्याकडं" म्हणून मागे लागलेली. मामांचं उत्तर ठरलेलं. "तिथं जाऊन काय करू? बोटं चालून राहिली तवर फाटा सोडत न्हाई."

आणि नेमकी बोटंच गेली. साखर वाढून ती बधिर झाली होती. चहाचा कढत ग्लास ते आरामात धरून बसायचे आणि मी पाहून चटका बसल्यासारखी हात झटकायची. "मुंग्या आल्यावानी वाटतं, बाकी काय तकलीफ न्हाई," असं म्हणून विषय उडवून लावायचे.

शेवटच्या खेपेला त्यांनी गाडी पुरी केली, पिशवीतून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग पिशवी माझ्याकडे दिली. "बाई, तुमी बघा बरं." मी हात फिरवला. दार खरखरत होतं. टप खरखरत होता. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांचं ते "बोटं चालून राहिली तवर" आठवलं, परभणीची लेक आठवली, आणि मी म्हणाले, "काच झालीय, मामा. एकदम काच."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मग म्हणाले, "उद्या परत आना गाडी. तुमचं बोलनं खरखरीत लागून राहिलं."

मी गेले नाही. परीक्षा होत्या हे खरं, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती हे जास्त खरं. दहाव्या दिवशी गेले तर शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "पाच दिवस बसून राहिले व्हते मामा. रोज सकाळी कणीक मळायची आन् रस्त्याकडं बघत बसायचं. पांढऱ्या गाडीचं काम राहिलंय म्हनायचे, बाई येतील, कुठं लागतं ते सांगतील, मी बराबर काढतो. सहाव्या दिवशी लेक आली, तिच्यासंगं गेले गुपचूप."

दिवाळीनंतर परभणीहून मामा वारल्याची बातमी आली. मी सांगायचं आणि त्यांनी काढायचं, असं अजून चार वर्षंही चाललं असतं. माझी बोटं होतीच की! "खरखरीत आहे, मामा." एवढं बोलायला काय जात होतं माझं?