लाल कोबी आणि नानांचे निळे ओठ

आमच्या घरात लाल कोबीची आंबटगोड भाजी आजवर एकदाच झाली, आणि ती ताटात पडायच्या आत नानांना ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं.

नाना म्हणजे माझे सासरे. माझा नवरा रमेश तेव्हा कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर होता. तिथून मोठ्या हॉटेलांना भाज्या जायच्या. एका शनिवारी तो एक जांभळा गड्डा घेऊन भिवंडीतल्या आमच्या नारपोलीच्या घरी अवतरला.

"लाल कोबी!" तो म्हणाला.

नानांनी गड्डा उलटापालटा करून पाहिला. "ह्याला लाल कोन बोलतं रं? ह्यो तर वांग्याच्या घरचा दिसतो."

मी मात्र हरखले. आठवड्यापूर्वीच टीव्हीवर एका बाईंनी याची परदेशी पद्धतीची भाजी दाखवली होती. कोबी चिरा, सफरचंद घाला, साखर घाला, मंद आचेवर शिजवा. "आणि व्हिनेगर घालायचं ते..." एवढं बोलून बाई गेल्या. म्हणजे लाइट गेली! भिवंडीच्या लोडशेडिंगला कुठे काय ऐकायचंय याची अजिबात पर्वा नव्हती. व्हिनेगर आधी की शेवटी, हे मला कळलंच नाही. मी ठरवलं, शेवटी. शेवटी मी बी.एस्सी. झालेली, तेही केमिस्ट्री घेऊन! (सासूबाईंनी हे आमच्या हळदीला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं होतं. काहींना दोनदा.)

आता नानांचं सांगायला हवं. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना हृदयाचं दुखणं होऊन गेलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "ओठ आणि नखं निळी दिसली तर विचार करत बसायचं नाही. गाडीत घालायचं आणि इकडे आणायचं." तेव्हापासून अख्खं घर नानांच्या ओठांकडे बघत असे. "माझ्या तोंडाकं काय बगता? टीव्ही बगा!" म्हणून ते खेकसत. त्यात साखरही बंद. माणूस उकडलेला दुधी खाऊन दिवस काढत होता. मला मनापासून वाईट वाटायचं, पण दुधी मीच वाढायची.

तर संध्याकाळी मी कोबी चुलीवर चढवला. म्हणजे गॅसवर, पण आमच्याकडे त्याला चूलच म्हणतात. अर्धा तास झाला तरी कोबी ढिम्म! आमच्या बोअरच्या जड पाण्यात काहीच लवकर शिजत नाही. म्हणून सासूबाई डाळीत, वाटाण्यात, चवळीत, सगळीकडे चिमूटभर खायचा सोडा टाकतात. मी लग्न होऊन आल्या आल्या फतवा काढला होता, "आई, सोड्याने जीवनसत्त्वं मरतात!" त्या बिचाऱ्या "बरं बाय" म्हणाल्या होत्या.

तेवढ्यात लाइट गेली, आणि माझ्या लक्षात आलं की घरात व्हिनेगर नाही. गॅस बारीक करून मी कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर गेले.

"भैया, थोडा व्हिनेगर देना."

"भाभी, नूडल्स ले जाओ ना, व्हिनेगर डालके देता हूँ."

"नहीं, मेरा कोबी पक रहा है."

त्याने कीव आल्यासारखं बघितलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर ओतून दिलं. मी बाहेर होते तेवढ्या वेळात आमच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात दोन माणसं, एकामागून एक, गुपचूप येऊन गेली होती. मला याची गंधवार्ता नव्हती.

परत आले. मेणबत्ती लावली, पिशवीचं टोक फोडलं आणि व्हिनेगर धाडकन ओतलं. पुढच्या क्षणी पातेलं फसफसून वर आलं! गुलाबी फेस काठावरून उतरला, गॅस विझला, फेस ओट्यावरून माझ्या पायांवर आला.

"आई गं!"

सासूबाई धावत आल्या. "अगो बाय! दूध उतू जातं, भात उतू जातो. भाजी उतू जाताना आजच बगितली!"

आणि लाइट आली. सगळ्यांनी सवयीने "आली!" म्हणून ओरडून घेतलं. मग आम्ही बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या नानांकडे पाहिलं.

नानांचे ओठ निळे होते. नखं निळी होती.

"रमेस!" सासूबाईंनी हंबरडा फोडला.

रमेशने शेजाऱ्यांची व्हॅन काढली, नानांना मागे घातलं. "नाना, छातीत दुखतंय का? काही खाल्लं होतं का?" नानांनी तोंड घट्ट मिटून मान हलवली. त्यांना बोलवतही नाही, असा आम्ही अर्थ काढला. ते दोन्ही हात मांड्यांखाली लपवत होते. थंडी वाजतेय वाटून मी माझी ओढणी त्यांच्या अंगावर घातली.

कशेळीला गाडी थांबली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये आम्ही! रमेश हॉर्न वाजवत होता, सासूबाई एकवीरा आईला हाका मारत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, देवा, यांना वाचव, मी त्यांना परत कधी दुधी वाढणार नाही. इतक्यात एक लिंबू सरबतवाला खिडकीशी आला. नानांनी खुणेनेच मागितलं. घटाघटा प्यायले, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांचे ओठ गुलाबी झाले!

"आई एकवीरा पावली गो!" सासूबाईंनी तिथेच हात जोडले. "बोकड घालीन तुला!"

"पण नखं?" मी म्हणाले. नखं तशीच निळी होती. रमेशने पुन्हा हॉर्नवर हात ठेवला.

हॉस्पिटलात वाटेतल्या सरबताची हकीकत ऐकत डॉक्टरांनी नाडी बघितली, ईसीजी काढला, पुन्हा बघितला. मग कापूस ओला करून नानांच्या नखावरून फिरवला. कापूस निळा झाला!

"नाना," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "खरं सांगा, काय खाल्लंत? नाहीतर भरती करून घेतो. इथे सकाळ-संध्याकाळ दुधी असतो."

नाना तत्काळ बोलले. "कोबी. पातेल्यातला. दोन मुठी. साखर घातलेली बगितली व्हती मी."

"पण कोबी तर गुलाबी आहे!" मी किंचाळले.

"आत्ता असेल. आधी त्यात सोडा पडला होता का?"

"मुळीच नाही!" मी ठामपणे सांगितलं. सासूबाई छताच्या पंख्याकडे बघायला लागल्या.

"आई?"

"शिजतच नव्हता गो! चिमूटभर टाकला. अंधार व्हता, मूठभर पडला असंल."

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "सोड्याने हा कोबी निळा होतो आणि आंबटाने पुन्हा गुलाबी. लिंबू पिऊन ओठ गुलाबी झाले ते त्यामुळेच. शाळेतला प्रयोग आहे हो! तुमचं शिक्षण काय झालंय?"

"आर्ट्स!" मी घाईघाईने म्हणाले.

"न्हाय डॉक्टर," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "केमिस्ट्रीवाली हाय!"

त्यावर मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले. लाजेने थोडं, सुटकेने जास्त. नाना ठणठणीत होते, आणि त्या क्षणी मला दुसरं काहीही नको होतं. रमेश तर कंपाउंडरला मिठी मारून आला.

परतीच्या वाटेवर रस्ता मोकळा होता. माझ्या डोक्यात हळूहळू एक वेगळाच विचार यायला लागला. लग्नानंतर नानांनी माझ्या हातचं काही चोरून खाल्लं, असं पहिल्यांदाच घडलं होतं! मी सुखावले.

"नाना, एवढं सगळं होईपर्यंत गप्प का बसलात? सांगायचं ना, कोबी खाल्लाय म्हणून. आम्ही रागावलो नसतो."

"तसं न्हाय बाय," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मना खरंच वाटलं, माजा शेवट आला. पयला घास तोंडात टाकला आनि चवीवरनंच समजलो, आज ठाण्याला जावं लागनार."