जंतूला माझ्या गावाचं नाव

"भिवंडी मेली," पडद्यावरचा माणूस म्हणाला, आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

टाळीसाठी माझेही हात वर गेले होते. ते तसेच हवेत राहिले. डास मारायला उचलावेत आणि डास उडून जावा, तसे.

भिवंडी म्हणजे माझं गाव. माहेर दिघाशी, सासर भिवंडी. आयुष्यात मी फार लांब गेलेच नाही, नोकरीसुद्धा मानकोलीला. नाक्यापासून आत गोदामांच्या रांगेत आमची प्रयोगशाळा आहे. एका बाजूला मोबाइलची खोकी, दुसऱ्या बाजूला लहान मुलांचे डायपर, मधे आम्ही. आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी पॅकिंगला आहे. मीही कधी नीट सांगितलं नाही, कारण नवीन औषधाचा रेणू बनवते म्हटलं की ते गुडघा पुढे करायचे.

तर मेली कोण? टीबीचा एक जंतू. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. आमच्याकडे जंतू नसतात. आम्ही रेणू जोडतो आणि बाटलीत भरून मुंबईतल्या दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवतो. तिथे बंद खोलीत ते जंतूंवर घालून बघतात. जंतूच्या नळीवर नंबर असतो. अहवालात आमच्याकडे नंबरच यायचा. पण त्या लोकांची आपसात बोलायची रीत वेगळी. थुंकीचा नमुना ज्या गावातून आला, त्या गावाचं नाव जंतूला. कुठला मऊ, कुठला चिवट. सगळ्यांत चिवट, कुठल्याच औषधाला न मरणारा, तो भिवंडी. त्या दिवशी निकाल सांगायला ते पहिल्यांदाच पडद्यावर आले, म्हणून मला हे कळलं. आणि तो जंतू मेला होता तो मी बनवलेल्या रेणूनं.

म्हणजे टाळ्या माझ्यासाठीच होत्या.

आमचे संचालक, सगळे त्यांना सर म्हणतात, खुर्चीतून वळले. माझ्याकडे बोट केलं.

"आपल्या ताई भिवंडीच्याच बरं का. घाण करणारे तिथले, साफ करणारीही तिथलीच. याहून छान गोष्ट कुठे मिळणार?"

हॉल हसला. मोकळेपणानं हसला.

मला डॉक्टरेट आहे. चाळिशीत घेतली, पोरांच्या दहावी-बारावीच्या मधे. आमच्या हॉलमध्ये डॉक्टरेट असलेले जेवढे, ते सगळे एकमेकांना डॉक्टर म्हणतात. मी ताई. आधी वाटलं, माया आहे. मग वाटलं, वयामुळे असेल. मग लक्षात आलं की चहा देणाऱ्या बाईलाही ते ताईच म्हणतात, आणि आम्हा दोघींपैकी कुणाला हाक मारली ते कळावं म्हणून माझ्या वेळी आवाज थोडा चढवतात.

सर पुढे म्हणाले, "ही माणसं गोळ्या अर्धवट सोडतात, म्हणून जंतू माजतात. त्यांच्या बेफिकिरीवर आपलं दुकान चाललंय."

पुन्हा हशा.

शुक्रवारी परदेशातून पाहुणे येणार होते. हा रेणू पुढे न्यायचा की नाही, ते त्यांच्या हातात. सरांनी तिथल्या तिथे ठरवलं की सादरीकरण मी करायचं. पहिलंच चित्र भिवंडीच्या गल्लीचं. गटार, कापडाच्या लूमचे पत्रे, वर शहराचं नाव, खाली गोळ्या सोडणाऱ्यांबद्दलचं वाक्य. शेवटचं चित्र जंतू मेल्याचं, आणि त्यावर मी म्हणायचं, भिवंडी मेली. "आणि ताई, साडी नेसून या. अस्सल वाटेल."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज आहे. सून म्हणून आले तेव्हापासूनचा सराव.

हा रेणू कसा झाला ते सांगते, कारण त्याबद्दल त्या हॉलमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. जंतूच्या पोटात एक प्रथिन असतं. त्याला एक खिसा असतो. औषध त्या खिशात जाऊन बसतं, प्रथिनाचं काम थांबतं, जंतू मरतो. पण जंतू बदलतो. खिशाचा एक कोपरा असा आवळून घेतो की जुनं औषध आत शिरतच नाही. बाकी सगळे जुन्या औषधाला जास्त चिकट करत होते. मी म्हटलं, दारच अरुंद झालंय, तर जाड माणूस ढकलून काय होणार? मी रेणूचा एक जड भाग काढून टाकला आणि शेपटाकडे एक वाकडा तुकडा लावला, जो कोपऱ्याला न लागता बाजूनं आत शिरेल. काही बनले नाहीत. काही बनले आणि दुसऱ्या दिवशी तुटले. एक तर असा काही वास मारायचा की शेजारच्या डायपरवाल्यांनी आमच्याकडे तक्रार केली. डायपरवाल्यांनी! शेवटी हा एक टिकला.

त्या संध्याकाळी घरी गेले. आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझं. बारसं असो, साखरपुडा असो, मला मधे बसवतात. मी सगळ्या गोष्टी स्वतःवर ओढून सांगते, कारण दुसऱ्यावर सांगितल्या की भांडणं होतात. बाहेर झालेला अपमान घरी येईपर्यंत मी किस्सा करून टाकते. हातखंडा आहे. त्याही दिवशी चहा घेता घेता सुरू केलं. पडद्यावरचा माणूस, माझे हवेत राहिलेले हात, सरांचा चढवलेला आवाज. नवरा हसला. लेक हसली.

मंदा हसली नाही.

मंदा माझी धाकटी जाऊ. गणेशपुरीकडची. तिला तोच आजार आहे. नेहमीच्या गोळ्या न चालणारा टीबी. आता वेगळ्या, कडक गोळ्या चालू आहेत. त्यातल्या एका गोळीनं तिचा रंग पार काळवंडलाय. गल्लीतल्या बायका विचारतात, उन्हात बसतेस का गं? ती खिडकीपाशी, मास्क लावून, आमच्यापासून दोन हात लांब बसते. कुणी सांगितलेलं नाही. तीच बसते.

आणि तिला गोळ्या देते मी. पहिल्या दिवसापासून. घरातली शिकलेली मी, म्हणून ते काम माझ्याकडे. सकाळी तिच्या हातावर ठेवायच्या, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. सुरुवातीच्या महिन्यांत साध्या गोळ्या होत्या. ती गिळत होती आणि खंगत होती. सगळे तिलाच विचारायचे, थुंकून टाकतेस का? मग एकदाची जंतूची नीट तपासणी झाली आणि कळलं की तो आधीपासूनच त्या गोळ्यांना न जुमानणारा होता. कुणाच्या तरी छातीतून तयार होऊनच आला होता. ती तपासणी आधी कुणी केलीच नव्हती.

मंदानं कप खाली ठेवला, मास्क पुन्हा वर ओढला.

"ताई, यात हसन्यासारखं काय हाय?"

मी म्हटलं, अगं, मजा म्हणून सांगतेय.

"एकपन गोली मी सोरली न्हाय. तुमीच देता ना? मंग तुमी त्यांना काय बोलल्या?"

"काही नाही."

"टाल्या वाजवल्या?"

"हात उचलले होते."

"मंग आता खाली घ्या."

एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. तिला खोकला आला.

माझा किस्सा तिथेच मेला. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट घरात पडली. बरं झालं. मला तेव्हा दिसलं की मी काय करत होते. बाहेर मला चपराक बसायची आणि मी ती घरी आणून सगळ्यांना हसायला वाटून टाकायचे. पेढ्यासारखी. मारणाऱ्याचं काम मीच पुरं करत होते, तेही फुकट, वर चहा पाजून.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, पहिलं चित्र काढा. ते वाक्य काढा. जंतूला नंबर आहे, नंबर म्हणा.

सर हसले. "ताई, विज्ञानात भावना आणू नका."

मी म्हटलं, गोळ्या सोडतात हे वाक्य तुम्ही कशावरून लिहिलं? त्या नमुन्याचा माणूस कोण, त्यानं गोळ्या सोडल्या की नाही, कुणाला माहीत आहे का?

माहीत नव्हतं. मुंबईवाल्यांनाही नव्हतं. नुसतं गाव माहीत होतं. गावावरून त्यांनी माणूस ठरवला.

"सगळ्यांना माहितीये तिथं काय चालतं ते," सर म्हणाले. मग आवाज मऊ केला. "रेणू कंपनीचा आहे, ताई. बोलायला दुसरंही कुणी आहे. नीट बोललात, तर पुढचं सगळं काम तुमच्याकडे. नाहीतर मला विचार करावा लागेल."

मला कळलं. मुकाट्यानं बोलले तर रेणू माझा. नाहीतर मी बनवलेला रेणू दुसऱ्याच्या हातात, आणि मी पुन्हा बाटल्या धुवायला. घरी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी विचारलं, नोकरी जाईल का? म्हटलं, जाऊ शकते. ते म्हणाले, "मग उद्या डबा करायचा की नाही ते सांग, तशी भाजी आणतो."

म्हटलं, आणा. उपाशीपोटी मला भांडता येत नाही.

शुक्रवारी रोजचाच पंजाबी ड्रेस घालून गेले. वर पांढरा कोट. सरांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाहुण्यांसमोर काही बोलता येईना. पडद्यावर पहिलं चित्र आलं. गटार. पत्रे. माझ्या गावाचं नाव. खाली ते वाक्य.

माझं इंग्रजी दिघाशीहून निघालेलं आहे, वाटेत थांबत थांबत आलेलं. पण त्या दिवशी ते थांबलं नाही. मी जे बोलले ते असं होतं.

"हे चित्र मी लावलेलं नाही. खालचं वाक्य कुणीही तपासलेलं नाही. या शहरात माझं घर आहे. माझ्या घरात हा आजार आहे. गोळ्या मी स्वतःच्या हातानं देते आणि एकही चुकलेली नाही. जंतू आला तोच औषधाला न जुमानणारा आला. गोळ्या सोडणारेही आहेत. लूमवर उभं राहून गोळी पोटात टिकत नाही म्हणून सोडतात. कधी गोळ्याच आलेल्या नसतात. त्यांना आम्ही विचारलेलं नाही. न विचारता त्यांच्या गावाचं नाव जंतूला दिलं आहे. मी ते नाव घेणार नाही. जंतूचा नंबर आहे, मी नंबर घेईन. आता रेणूबद्दल बोलते."

आणि बोलले. खिसा, कोपरा, वाकडं शेपूट, सगळं. ज्या गोष्टीचा अभिमान होता ती गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. शेवटी म्हटलं, काचेच्या भांड्यात हा नंबरवाला जंतू मेला आहे. माणसाच्या छातीत अजून कुणी बरं झालेलं नाही. ते काम पुढे आहे, लांब आहे.

टाळ्या नाहीत. कुणी उभं राहून वगैरे काही नाही. सर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत होते. एका पाहुण्यानं विचारलं, रेणू पाण्यात विरघळतो का? म्हटलं, कमी विरघळतो. तेही खरंच सांगितलं. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मी दोन गुलाबजाम जास्त घेतले. राग आला की मला गोड लागतं.

पाहुण्यांनी रेणू पुढे न्यायला होकार दिला. सोमवारी सरांनी तो माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिला. केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही मला माझ्याच घरात खाली पाहायला लावलंत. दोन ओळी माफीच्या लिहून द्या. मग पुन्हा तुमचं काम तुमच्याकडे."

"लिहिणार नाही," मी म्हटलं.

"विचार करा, ताई."

"केलाय. डॉक्टर म्हणा, नाहीतर नावानं हाक मारा. माफी लिहिणार नाही."

बाहेर आले, ताठ.

मंदाला सांगितलं. या वेळी किस्सा करून नाही, झालं तसं सांगितलं. रेणू हातातून गेला, हेही. तिनं ऐकलं. शाबासकी दिली नाही. आम्ही दोघींनीही त्या नव्या रेणूबद्दल एकमेकींना खोटी आशा दाखवली नाही. तो औषध होईल तेव्हा होईल. तिला आत्ता ज्या गोळ्या आहेत त्यावरच जगायचं आहे, आणि ती त्या गिळते आहे.

मी आता दुसऱ्या रेणूवर काम करते. तो जास्त विरघळेल असं वाटतंय. बैठका होतात. पडद्यावर मुंबईचे लोक येतात. जुनी सवय, कुणीतरी म्हणतं, भिवंडीवर काय झालं? मी हात वर करते. "नंबर सांगा," म्हणते. सगळे थांबतात. कुणी उसासा टाकतं. कुणी घड्याळाकडे पाहतं. नंबर सांगेपर्यंत मी हात खाली घेत नाही. मागच्या बैठकीतही थांबवलं. पुढच्या बैठकीतही थांबवणार. त्यांना कंटाळा येईल. मला येणार नाही.

मी राजीनामा देणार नाही. हे काम माझं आहे, आणि या आजारानं जी माणसं मरतात ती माझी आहेत. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. फक्त कारण स्पष्ट लिहावं. लिहावं की हिनं आपल्या गावाला जंतू म्हणू दिलं नाही. खाली सही करावी, आणि तो कागद माझ्या हातात द्यावा.