ऐकणाऱ्यांचे फोटो

घरात तिला सगळे घुमी म्हणायचे. लहानपणी मोठ्या तापातून ती उठली, पण डावा कान गेला तो गेलाच. त्यानंतर त्या बाजूने कुणी काही विचारलं की ही गप्प. लोकांना वाटायचं, पोरगी घुमी आहे. खरं तर बोलायला लागली की ती भल्याभल्यांना पुरून उरायची. पण नाव एकदा पडलं ते पडलं, आणि तिशी ओलांडली तरी चिकटून राहिलं.

ती भाऊ-वहिनीबरोबर राहायची. भाऊ कमी बोलायचा. त्याच्या वाटचं वहिनी बोलून घ्यायची. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात वहिनीने जेवणाच्या टेबलावर घुमीच्या उजव्या हाताची खुर्ची पटकावली. "माझं बोलणं वाया गेलेलं मला चालत नाही," एवढंच ती म्हणाली. कानाबद्दल त्या घरात इतक्या सहजपणे कुणी कधीच बोललं नव्हतं. घुमीला ती त्याच दिवशी आवडली.

घुमी एका फोटो स्टुडिओत कामाला होती. ओळखपत्रांचे फोटो काढायचे, जुने फाटके फोटो नीट करून द्यायचे, रडक्या बाळांना खुळखुळा वाजवून हसवायचं. लग्नाची कामं मात्र मालक स्वतः करायचे. त्यांना सगळेच काका म्हणत. पण काकांची कंबर धरायला लागली आणि एक दिवस कॅमेऱ्याची बॅग घुमीपुढे ठेवत ते म्हणाले, "यापुढे लग्नं तू करायची. मी कोपऱ्यात स्टूल टाकून बसेन."

हॉलमधला गोंगाट म्हणजे तिच्यासाठी नुसता कालवा. कोण हाक मारतंय, कोण कुठे उभं राहायला सांगतंय, काही म्हणता काही कळायचं नाही. घरी येऊन तिने हे वहिनीला सांगितलं.

"तुला फोटो काढायला बोलावलंय की साक्ष द्यायला?" वहिनी म्हणाली. "कोण काय बोललं ते कुणी विचारणार नाही तुला. जा गुपचूप."

घुमीने मग कंबर कसली. नावाजलेल्या फोटोग्राफरांची कामं मोबाइलवर बघून बघून डोळ्यांच्या खाचा केल्या. खिडकीशी पाठमोरी उभी असलेली नवरी, फुलांच्या पाकळ्यांवर ठेवलेल्या अंगठ्या, हातात हात घालून हिरवळीवर पळणारं जोडपं. पहिल्या काही लग्नांत तिने हे सगळं जसंच्या तसं केलं. एका नवरदेवाला तिने तिसऱ्यांदा पळायला लावलं, तेव्हा तो धापा टाकत म्हणाला, "ताई, लग्न लागलं माझं. आता पळून काय उपयोग?"

फोटो लोकांना आवडले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून सगळे नीट पाहिले.

"छान आहेत. उजेड छान, सगळं जागच्या जागी. पण कुणी काढलेत, ते काही कळत नाही."

"मग काय करू?"

"ते मला माहीत असतं तर मीच नसतं का केलं?" काका म्हणाले आणि उठून चहा ठेवायला गेले.

ते बोल घुमीला लागले. पण त्यात खोट काढायलाही जागा नव्हती. तिला स्वतःलाच आपले फोटो उसने आणल्यासारखे वाटत होते.

त्यानंतर एक लग्न आलं. नवरी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी, मोजकं बोलणारी. तिचे वडील लिफ्टची दुरुस्ती करायचे. लग्नाच्या सकाळी ते घुमीला बाजूला घेऊन म्हणाले, "माझे फोटो नका हं काढू. फोटोत माझा चेहरा नेहमी तक्रार नोंदवायला आल्यासारखा येतो."

हॉल लांबलचक, छत उंच. माइक शिट्ट्या मारत होता. नवऱ्या मुलाचे मामा, निवृत्त मुख्याध्यापक, भाषणाला उभे राहिले आणि त्यांचा आवाज छतावर आपटून असा परत यायला लागला की घुमीला एक शब्द धड समजेना. लोक मात्र खळखळून हसत होते.

अशा वेळी काय करायचं ते घुमीला शाळेपासून ठाऊक होतं. विनोद ऐकू आला नाही की आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघायचं आणि ते हसले की हसायचं. त्या दिवशीही तिची नजर सवयीने तिकडेच गेली. फरक एवढाच की या वेळी डोळ्याला कॅमेरा लावलेला होता. एक मावशी पदराआड हसत होत्या आणि आपल्या बहिणीला विनोद कळला की नाही, ते तिरप्या डोळ्यांनी बघत होत्या. एक आजोबा सगळे हसून झाल्यावर एकटेच हसले. घुमी काढत गेली. मामांचा तिला पार विसर पडला.

मग नवरी उठली. दोन्ही हातांत माइक घट्ट धरून ती बोलू लागली. घुमीने तिचे दोन-तीन फोटो घेतले आणि कॅमेरा पुन्हा लोकांकडे वळवला. पहिल्या रांगेच्या टोकाला नवरीचे वडील पुढे वाकून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

आधी तिला वाटलं, स्वतःशीच काही पुटपुटताहेत. मग लक्षात आलं, ते लेकीबरोबर बोलत होते. आवाज न करता, शब्दाला शब्द. वर्गात बाईंचे ओठ बघून शिकलेल्या घुमीला ओठ वाचणं नवीन नव्हतं. माइकमधून जे नुसतं घुमत होतं, ते वडिलांच्या ओठांवर तिला लख्ख कळू लागलं.

लहानपणी मी अडखळायची, मुलगी सांगत होती. 'म' तर फुटायचाच नाही, त्यामुळे 'माझे बाबा' म्हणताना घाम यायचा. बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन माझ्याजवळ बसायचे आणि माझ्याबरोबर एकेक शब्द म्हणायचे. मला कधी पुढून ओढलं नाही, की मागून ढकललं नाही.

आणि तेवढ्यात ती अडली. एका 'म'पाशीच. वडिलांचे ओठही तिथेच मिटले. घरी तिची तालीम ऐकून ऐकून पुढचा शब्द त्यांना पाठ होता, पण ते पुढे गेले नाहीत. थांबले. मग मुलीला तो शब्द सापडला आणि दोघं मिळून पुढे निघाली. घुमीचे डोळे भरून आले होते. बोट मात्र काम करत होतं.

चार दिवसांनी नवऱ्या मुलाचा फोन आला. "मामांच्या एवढ्या भाषणाचा एकच फोटो? आणि त्यातही डोळे मिटलेले?"

घुमीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती काकांपुढे जाऊन उभी राहिली. "चुकलंच माझं. ऐकू येत नव्हतं, म्हणून लोकांकडे बघत राहिले."

काकांनी फोटो उघडले. एकेक करत वडिलांच्या फोटोंपर्यंत आले आणि तिथेच खिळले. मग आतल्या दाराकडे बघून त्यांनी काकूंना हाक मारली, "अगं, इकडे ये जरा."

काकू ओले हात पुसत आल्या. वाकून पाहिलं. "नवरीचे वडील ना हे? काय म्हणतेय गं त्यांची मुलगी?"

घुमीने सगळं भाषण सांगितलं. काकू खुर्ची ओढून बसल्याच.

"आता अशीच काढत जा," काका खाकरत म्हणाले. "आणि आधी त्या मामांची माफी मागून ये."

ती गेली. मामांना घरच्या व्हरांड्यात बसवून, स्वतः त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून, तिने त्यांच्याकडून ते भाषण पहिल्यापासून करवून घेतलं आणि भरपूर फोटो काढले. विनोद खरोखरच चांगले होते. मामा इतके खूश झाले की तिला फाटकापर्यंत सोडायला आले.

फोटो न्यायला नवरी वडिलांना घेऊन स्टुडिओत आली. ती पानं उलटत होती आणि एकदम थांबली.

"बाबा, तुम्ही बोलत होतात?"

"सवय आहे," वडील दाराशीच उभे राहून म्हणाले.

"मी मुद्दाम तुमच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडलेच असते." आणि आता ती रडलीच. वडील जवळ आले, अल्बम हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "तक्रार दिसत नाहीये हो," ते हळूच घुमीला म्हणाले. "कसं काय जमवलंत?"

घुमीने तेव्हा पहिल्यांदा परक्या माणसांना आपल्या कानाबद्दल सांगितलं.

"बरं झालं!" नवरीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. "म्हणजे तसं नाही..." मग तिघंही हसत सुटली.

त्यानंतर घुमीने पळापळी आणि पाठमोऱ्या नवऱ्या सोडून दिल्या. काम ठरवायला जोडपं आलं की ती सुरुवातीलाच सांगते, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बोलणाऱ्यांचे फोटो काका काढतील. मी ऐकणाऱ्यांचे काढते." काही जण उठून दुसऱ्या स्टुडिओत जातात. जे थांबतात, ते मग आपल्या आजीबद्दल, अबोल भावाबद्दल सांगू लागतात. काका स्टुलावरून भाषणं टिपतात आणि भाषण करणाऱ्या मामांचे डोळे मिटलेले येत नाहीत ना, यावर कडक लक्ष ठेवतात.

वहिनीने त्या ग्रंथालयातल्या नवरीचा अल्बम पाहिला तेव्हा तिला बोलायला शब्द सुचेनात. भाऊ म्हणाला, हे आपल्या घरात पहिल्यांदाच घडतंय.

एका लग्नाहून परतताना, टेम्पोत सामानामध्ये अवघडून बसलेली असताना, घुमीला राहवलं नाही. कधी हसायचं ते ज्या चेहऱ्यांनी आपल्याला नकळत सांगितलं, त्यांची आठवण तिला दिवसभर येत होती. वर्गातल्या मैत्रिणी, शेजारपाजार, भाऊ, वहिनी. त्या सगळ्यांना गाठून आता सांगणं शक्य नव्हतं. जवळ काका होते.

"काका, त्या दिवशी तुम्ही बॅग माझ्यापुढे ठेवली नसती तर..."

"तर माझी कंबर मोडली असती," काका म्हणाले. मग थोडं तिच्या उजवीकडे सरकून, टेम्पोच्या घरघरीवर आवाज चढवत त्यांनी विचारलं, "पुढच्या रांगेतल्या त्या मावशी आज कशाला एवढ्या हसत होत्या गं? मला ऐकू आलंच नाही."

घुमी सांगू लागली.