दिवे घालवणारी माणसं

लोकांच्या घरी जाऊन त्यांची लाईट घालवायची, हेच माझं काम! बारा वर्षं जयपुरात हेच केल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय?

आम्ही ईएलसीबी तपासतो. कुठे करंट गळला तर माणसाला काही होण्याआधी वीज तोडणारी ही डबी. तिचं टेस्ट बटण दाबायचं. लाईट गेली, तर पास! मी सांगलीची, सीनियर गावंडेकाका अकोल्याचे. दिवसभर हिंदी, स्कूटरवर बसलो की मराठी.

बनी पार्कच्या एका गेस्टहाउसात काकांनी बटण दाबलं. पंखे, एसी, लिफ्ट, सगळं ठप्प! मालक धावत आले. "भाईसाहब, ठीक करने आए हो या बिगाड़ने?"

काका जयपुरी अदबीनं म्हणाले, "बिगड़ा होता तो बंद नहीं होता, हुकम!"

चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, दागिन्यांच्या एका कारखान्यात डबी सारखी पडायची, म्हणजे वीज तोडायची, म्हणून कुणीतरी तिला वगळून सरळ वायर जोडलेली. काकांनी पॉलिशच्या मशीनला टेस्टर लावला. पेटला! तिथले म्हातारे कारागीर म्हणाले, "हाथ तो महीनों से झनझनाते हैं. मैं समझा, बुढ़ापा है."

काकांनी मेन बंद केला, स्वतः ती वायर काढली. 

प्रताप नगरात एका मराठी प्रोफेसरबाईंचं घर. लाईट जाताच त्यांची पाच वर्षांची मुलगी ओरडली, "आई, लाईट मर गई!"

"मेली नाही गं बाई, पडली. आता उठवतो," काका म्हणाले.

"आजोबा, अजून एकदा पाडा ना!"

एकदा दाबलं तरी टेस्ट होते. काकांनी पाचदा दाबलं. जिना उतरताना म्हणाले, "माही नात बी एवढीच आहे."

गेल्या वर्षी काका रिटायर होऊन अकोल्याला मुलाकडे गेले. आता स्कूटरवर मी एकटीच. सिग्नलला तोंडात मराठी येते, आणि मागे कुणी नसतं.

पण दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो.

"ऐकून राहिली ना?"

"हो काका."

खट्! काका तिकडे घरच्या डबीचं बटण दाबतात. मागून सूनबाईंचा आवाज, "बाबा, माझा मिक्सर!"

"कशी पडली?"

"एकदम बरोबर, काका," मी म्हणते. "पण अजून एकदा पाडा ना."