एका बाटलीची बोली

चारठाण्याचा येडबा धनगर मुळातच तापट. पोलिस ॲक्शनच्या साली फौजेच्या तळावर बकरं पोचवल्यावर एका सुभेदारानं त्याला घोटभर व्हिस्की पाजली होती. तेव्हापासून हातभट्टीची त्याच्या घशाखाली उतरेना आणि विलायती घ्यायची ऐपत नव्हती.

चार वर्षांनी त्यानं तोड काढली. खतासाठी मेंढरं वावरात बसवली की मालक जवारी द्यायचे. तो गावातल्या एका वावराच्या मालकाला, दिनकररावांना म्हणाला, "तीन रात्री बसवतो. जवारी नको, एक चांगली बाटली द्या."

"मग लेकरं काय बाटली चाटतील?" त्याची बायको बानूबाई कडाडली.

दिनकररावांनी "धनगराला काय कळतंय" असं पुटपुटत दुपारीच बाटली दिली. लेबल झकास होतं. मालकाची पाठ वळल्यावर येडबानं बूच काढलं, दोन थेंब तळहातावर चोळले आणि हुंगले. सुभेदाराच्या व्हिस्कीला जुन्या लाकडाचा वास होता. ह्याला सडक्या गुळाचा. मालकानं रिकाम्या बाटलीत हातभट्टीची भरली होती! येडबानं ती तिथंच ओतून दिली आणि मेंढरं हाकली.

सकाळी दिनकरराव तणतणत आले. त्यांच्या वावरात एक लेंडी नव्हती, शेजारच्या सटवाजीच्या वावरात सडा पडला होता. बानूबाई सटवाजीची जवारी पाखडत होती.

"हरामखोरा, बाटली घेतलीस ना माझी?"

येडबानं रिकामी बाटली त्यांच्या पायाशी आदळली.

"तुमी निस्तं लेबल दिलं, मालक. आता तेच वावरात पेरा."