मिनिटामागे चोवीस सेकंद

ताईंचा स्वभावच मुळी घोर लावून घेण्याचा. घराला कुलूप लावून निघाल्या की निम्मा जिना उतरून पुन्हा वर यायच्या आणि कुलूप ओढून बघायच्या. कुणाला निरोप पाठवायचा तर तीनदा वाचून पाठवायच्या, पाठवल्यावर चौथ्यांदा वाचायच्या. पण कामाला बसल्या की हेच हात असे शांत व्हायचे, की पेशंटला वाटावं या बाईला आयुष्यात कशाची म्हणून काळजी नसेल.

काम होतं अडलेल्या हातापायांना पुन्हा वळण लावायचं. अठरा वर्षं त्या तेच करत होत्या. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एकीत तपासणीचा पलंग, दुसरीत धरून चालायचे दांडे, रबरी चेंडू, कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेली टोपली आणि कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीखाली धाकट्या भावाचा जुना गेम कन्सोल. भाऊ बोटीवर नोकरीला लागला तेव्हा तो घरात धूळ खात पडला होता, तो ताईंनी उचलून इथे आणला. चेंडू दाबून कंटाळलेला माणूस शर्यतीची गाडी मात्र तासभर चालवतो, आणि गाडी चालवताना आपला अंगठा हलतोय हे त्याच्या ध्यानातही राहत नाही.

काटेवाले काका आले ते गेल्या वर्षी. वजनमापं तपासायच्या कचेरीत त्यांची तीस वर्षं गेली होती. दुकानांतले काटे तपासायचे, खोटा असेल तो बाजूला काढायचा, खरा असेल त्यावर शिक्का मारायचा. एके सकाळी दाढी करता करता उजव्या हातातून वस्तरा गळून पडला, अर्धांगाचा झटका होता. पाय महिन्याभरात सुधारला, जीभ सुधारली, हात राहिला. काकू त्यांना घेऊन यायच्या, बाहेरच्या बाकावर विणकाम करत बसायच्या आणि बरोबर एका तासाने दारातून डोकावायच्या.

पहिल्या आठवड्यात काकांना शर्यत काही जमेना. समुद्रकाठच्या रस्त्याची एक फेरी, वाटेत तीन कमानी, आणि सगळी मिळून एकशे साठ सेकंदं. तिसऱ्या कमानीच्या अलीकडेच वेळ संपायचा आणि गाडी आपोआप थांबायची. आठव्या दिवशी काकांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि उद्यापासून येत नाही म्हणाले. ते रागावले असते तर ताईंना इतकं वाटलं नसतं. ते अगदी शांतपणे म्हणाले.

त्या दुपारी ताईंनी भावाच्या खोक्यातून चीटची, खेळात लबाडी करायची डिस्क काढली. भाऊ शाळेत असताना तिच्यावर कसले कसले कोड टाकून कधीच न हरणारा वीर झाला होता. आधी ही डिस्क लावायची, कोड निवडायचा, मग ती काढून खेळाची डिस्क घालायची. सोबत एक बोटभर कार्ड होतं, त्यात कोड साठवलेले. त्यातला एक कोड शर्यतीचं घड्याळ हळू करायचा. ताईंनी तो लावला. मनात म्हटलं, आठवडाभर, हुरूप येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी काकांनी फेरी पुरी केली. पडद्यावर आलं दोन मिनिटं अडतीस सेकंद. काकांनी खिशातून छोटी वही काढली आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, तारीख घालून आकडा लिहिला. मग काकूंना आत बोलावून दाखवला.

आठवडा झाला, महिना झाला, कोड तसाच राहिला. तिसऱ्या महिन्यात काकांचा खांदा आखडला, हात पुन्हा बिघडायला लागला, तेव्हा ताईंनी घड्याळ आणखी हळू केलं. काकांच्या कागदांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘कोड बदलला’ एवढंच लिहिलं, आणि लिहिताना मनात पाल चुकचुकली. पण वहीतले आकडे खाली येत होते, काका शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले होते. कुणाचं काय बिघडतंय, असं ताई स्वतःला सांगायच्या, आणि ज्या अर्थी रोज सांगावं लागत होतं त्या अर्थी काहीतरी बिघडत होतंच.

आणि एका मंगळवारी कन्सोल बसला. दिवा लागेना, पंखा फिरेना.

काका बुधवारी यायचे नव्हते, गुरुवारी अकराला येणार होते. ताईंनी बोटीवरच्या भावाला निरोप धाडला. त्याने कळवलं की त्याच कंपनीचा पुढचा कन्सोल घे, पहिल्या खेपेतला, ज्याला वरून झडप आहे. झडपेखाली जुन्या कंट्रोलरच्या आणि कार्डांच्या जागा असतात, जुन्या डिस्क त्यावर चालतात. ताईंनी जुन्या मालाच्या दुकानातून तसा कन्सोल आणला. पहिल्यांदा चालू करताच त्याने नवी आवृत्ती घेऊ का म्हणून विचारलं. कुणी काही विचारलं की आधी हो म्हणून मोकळं व्हायचं, या सवयीने ताईंनी ‘हो’ दाबलं.

शर्यतीची डिस्क झकास चालली. चीटची डिस्क घातली तर पडद्यावर ओळ आली, ही डिस्क वाचता येत नाही. पुसून घातली, उलटून बघितली, फुंकर मारली. तीच ओळ. भावाचा फोन लागला तेव्हा त्याच्यामागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. तो सांगत होता की चीटची डिस्क कंपनीची नाही, नव्या आवृत्तीने असल्या डिस्कना दार बंद केलंय, आता हा कन्सोल कामाचा नाही. आणि मग त्याने विचारलं की पेशंटना चीट कशाला लागतं. ताई म्हणाल्या, रेंज नाहीये नीट, नंतर बोलते.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या पुन्हा दुकानात. दुकानवाली बाई करारी. तिने आतून दुसरा कन्सोल काढून दिला आणि बजावलं की याला इंटरनेट दाखवूही नका, जे विचारेल त्याला नाही म्हणा. या वेळी चीटची डिस्क वाचली गेली. कोडचं कार्ड घातलं, तर कन्सोल म्हणाला कार्ड ओळखता येत नाही, पुसून कोरं करू का. ताईंचं बोट बटणावर होतं. त्यांनी ‘नाही’ दाबलं आणि कार्ड उपसून काढलं. मग कार्डाची जागा बदलून पाहिली. शेजारच्या खाचेत घातल्यावर कोडांची यादी जशीच्या तशी वर आली.

गुरुवारी काका आले, नवीन डबा बघून खूश झाले. फेरी लावली. गाडी कमानींखालून सरकत होती आणि ताईंचं लक्ष गाडीकडे नव्हतं, कोपऱ्यातल्या घड्याळाकडे होतं. एक मिनिट अठ्ठावन्न. दोनच्या आत पहिल्यांदाच.

काकांनी वहीत आकडा लिहिला आणि वही बंद न करता सांगितलं, की त्यांनी मनाशी ठरवलं होतं, दोन मिनिटांच्या आत आलो की हात परत आला असं समजायचं. आणि गेले काही दिवस आकडे असे सरसर उतरत होते, की त्यांना धीर धरवला नव्हता. पुन्हा कामावर रुजू होण्यासाठी कचेरीत अर्ज देऊन झाला होता. सोमवारी साहेबांसमोर परीक्षा होती. सगळ्यांत बारीक वजन, नखाएवढा पत्रा, चिमट्याने उचलून पारड्यात ठेवायचा, दहा वेळा, एकदाही न सांडता.

काका बूट घालायला बाकावर वाकले होते, उजव्या हाताने नाडी धरायचा प्रयत्न करत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आत्ता नाही बोललं तर सोमवारी हा माणूस तिथे जाणार, हे ताईंना दिसत होतं.

“काका,” शेवटी त्या म्हणाल्या, “ते घड्याळ खोटं आहे. मी केलंय. तुम्ही सोडून जाल म्हणून केलं, आणि मग काढायचं राहून गेलं.”

काकांनी नाडी सोडली. वर पाहिलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“किती खोटं? मिनिटामागे किती सेकंदं?”

ताईंना सांगता येईना. कोडच्या नावात ‘हळू’ आणि ‘आणखी हळू’ एवढंच होतं. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

काकांचा आवाज चढला नाही. “खोटा काटा ठेवणारे खूप बघितले मी,” ते म्हणाले. “पण आपला काटा किती खोटा आहे, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं.”

नाडी तशीच लोंबती ठेवून ते जिना उतरले. काकूंनी ताईंकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्यामागे गेल्या.

शुक्रवारी काका आले नाहीत. शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. तक्रार नव्हती. एवढंच सांगितलं, की हे खिडकीशी बसून आहेत, वही समोर आहे, कुणाशी बोलत नाहीत, आणि सोमवारी जाणार की नाही तेही सांगत नाहीत. फोन ठेवल्यावर ताईंना वाटलं जाऊन पाया पडावं. पण पाया पडून काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं.

त्यांनी त्या दिवसाचे पेशंट संध्याकाळवर ढकलले, कन्सोल लावला, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच धरलं. पहिला कोड लावून पडद्यावरचं एक मिनिट मोजलं. पंच्याहत्तर सेकंदं. पुन्हा मोजलं, पंच्याहत्तर. दुसरा कोड लावला, चौऱ्याऐंशी. तोही पुन्हा मोजून पाहिला. मग काकांच्या कागदांतून कोड बदलल्याची तारीख शोधली, सगळं एका कागदावर उतरवलं आणि दुपारी त्यांच्या घरी गेल्या.

काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशीच होते. ताईंनी कागद पुढे केला, खुर्चीवर बसल्या नाहीत.

“सुरुवातीला मिनिटामागे पंधरा सेकंदं,” त्या म्हणाल्या. “या तारखेपासून चोवीस.”

काकांनी कागद बराच वेळ वाचला. मग काकूंना पेन्सिल मागितली. काका आणि ताई टेबलाशी बसले, ताई गुणाकार करत गेल्या आणि काका प्रत्येक आकड्याशेजारी खरा आकडा लिहीत गेले. पहिली फेरी दोन अडतीसची नव्हती, तीन सतराची होती. एका पानाशी काका थांबले. त्या दिवशी आकडा एकदम तेरा सेकंदांनी उतरला होता आणि त्यांनी आनंदाने मेव्हण्यालाही फोन केला होता. तो कोड बदलल्याचा दिवस होता. खरा आकडा आदल्या दिवसापेक्षा चार सेकंदं वाईट निघाला. ताईंना वाटलं जमिनीने फाटून आत घ्यावं.

गुरुवारचा एक अठ्ठावन्न म्हणजे खरे दोन पंचेचाळीस.

“तीन सतरावरून दोन पंचेचाळीस,” काका म्हणाले. “बत्तीस सेकंदं. ही तर माझी आहेत ना?”

“तुमचीच,” ताई म्हणाल्या. काकूंनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

सोमवारी काकांनी कचेरीत जाऊन परीक्षा दोन महिने पुढे ढकलून घेतली. कारण विचारलं तेव्हा हात तयार नाही असं सांगितलं, आणि मंगळवारी अकराला ते जिना चढून आले. ताईंनी कोडचं कार्ड झडपेखालून काढून टेबलावर ठेवलं. काकांनी ते न्याहाळलं आणि बाजूला सारलं. खऱ्या घड्याळावर गाडी दोन कमानी पार करून गेली, तिसरीही गेली, आणि शेवटची रेघ नजरेच्या टप्प्यात असताना वेळ संपून थांबली. काकांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी पुन्हा सुरुवातीचं बटण दाबलं. त्या तासात गाडी अकरा वेळा थांबली.

खऱ्या घड्याळात ती रेघ ओलांडायला त्यांना पाच आठवडे लागले. परीक्षेत नखाएवढा पत्रा दहापैकी चार वेळा सांडला. साहेबांनी त्यांना बारीक काट्यांवरून काढून मोठ्या वजनांच्या, गाड्या तोलायच्या काट्यांवर दिलं. काकांना ते लागलं, पण नोकरी राहिली.

ताईंचा घोर काही सुटला नाही. आता कोड लावायचा असला तर त्या पेशंटला पहिल्याच दिवशी सांगतात, मिनिटामागे किती तेही सांगतात. काहींचा चेहरा पडतो. परवा एक शिवणकाम करणारी बाई ते ऐकून गेली ती परत आलीच नाही. ताईंनी तिला दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा करावा की नाही या विचारात जिना उतरल्या, आणि निम्म्यातून कुलूप बघायला परत वर गेल्या.