दातांनी ऐकणारे मिस्त्री

२१ नोव्हेंबर १९३८, सोमवार. त्या दिवशीचं काम एकच होतं: मोटारसायकलचं इंजिन उघडून व्हॉल्व्ह घासायचे की तसेच राहू द्यायचे, हे दुपारच्या आत ठरवणं. मी बाळंतपणं करणारी नर्स. आमचे हे शाळामास्तर. गाडी हे चालवतात, मी बाजूच्या डब्यात बसते. दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडच्या एका वाडीत पोहोचायचं होतं. तिथल्या धनगराच्या सुनेची पहिली दोन मुलं जन्मताच गेली होती. तिसऱ्याच्या वेळी हजर राहीन असा शब्द मी दिला होता. गाडी वाटेत बसली तर तो शब्द फुकट, आणि उघडलेलं इंजिन सकाळपर्यंत मिटलं नाही तरी फुकटच.

दहा वर्षं हे ठरवायचं काम धोटा मिस्त्रींचं होतं. ते इंजिन दातांनी ऐकायचे. गिरणीच्या मागखात्यात वीस वर्षं काढून त्यांचे कान गेले होते. मागावर आडवा दोरा नेणारा तिथला एक जुना लाकडी धोटा त्यांच्याजवळ असे, म्हणून ते नाव. त्याचं एक टोक चालू इंजिनाच्या डोक्यावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे.

माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. मागांच्या त्या खडखडाटात सगळेच ते शिकतात. एकदा हे त्यांच्यासमोरच पुटपुटले, "म्हातारा फार वेळ खातो." मिस्त्रींनी धोटा तोंडातून काढला. "मास्तर, हळू बोलला तरी मला तेवढंच दिसतं की."

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी त्यांनी एकदा मागून घेतली, चावून पाहिली आणि परत केली. "चांगली हाय अक्का, पण कानवाल्यांची." ती मी दहा मिनिटं उकळली.

त्यांचा नियम साधा होता. "खटखट आली तर बाहेरून पाना लावायचा. फुसफुस आली तर उघडायचं. मधलं काय न्हाय."

गेल्या वर्षी त्यांचे पुढचे दात गेले. आमच्या अंगणात त्यांनी धोटा हिरड्यांत धरून पाहिला, मान हलवली आणि तो माझ्यापुढे केला. दुसऱ्याच्या तोंडातलं उष्टं आमच्या घरात कोणी दाताला लावत नाही. हे दाराकडे बघू लागले. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून धोटा दोनदा पुसला.

"पुसा, पुसा. लग्नात न्हाऊ घातलं तेव्हा पण मला एवढं घासलं न्हवतं," मिस्त्री म्हणाले.

मी ऐकलं. म्हटलं, "बिघाड आहे असं वाटतंय."

"वाटतं ते मास्तरांना सांगा. मला ऐकू आलं तेवढं सांगा."

जाताना ते धोटा कोनाड्यात ठेवून गेले. परत द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. "दात तुमच्याकडं, मग धोटा पण तुमच्याकडं." यंदा भाद्रपदात मिस्त्री वारले.

तेव्हा त्या सोमवारी विचारायला कोणी नव्हतं. ह्यांचं म्हणणं, "चढावर जरा दमते, एवढंच. जुनी आहे." मी धोटा स्पिरिटनं पुसून दातांत धरला. खटखट नव्हती. दर थापेच्या मागून बारीक फुसफुस येत होती. गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. पुन्हा तेच.

"उघडा," मी म्हटलं.

"सकाळपर्यंत मिटलं नाही तर?"

"म्हणून आत्ताच उघडा. बोलण्यात उजेड चाललाय."

एका व्हॉल्व्हच्या काठावर मिरीएवढा जळका डाग निघाला. घासायची पूड तेलात कालवून आम्ही तो आळीपाळीनं घासला. मिस्त्री करायचे तसं वरून रॉकेल ओतून बघितलं. थेंब झिरपला नाही. दिवेलागणीला इंजिन मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. तळाशी स्पिरिटची बाटली, वर कात्र्या, कापूस, स्वच्छ कापडं. ह्यांनी गाडी सुरू केली. आता बाटली काढायची तर सगळं उपसावं लागलं असतं. मी धोटा न पुसता तसाच दातांत धरला. फुसफुस नव्हती, नुसती थाप होती. मग तो बॅगेत नळीशेजारी ठेवला आणि डब्यात बसले.